मुंबई ते न्यूअर्क : नेमके किती किलोमीटर?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला आलो. मुंबईहून न्यूअर्कला थेट विमान होते. समोरच्या आसनाच्या पाठीवरील पडद्यावर विमानाचा मार्ग दिसत होता आणि तो सरळ रेषेत नसून उत्तरेकडे चांगलाच फुगलेला होता. विमान सुटताना ‘उरलेले अंतर’ म्हणून १३,४०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा दिसला, तो मी वहीत टिपून ठेवला.

येथे आल्यावर सातवीत शिकणाऱ्या नातीने विचारले, “आजोबा, हे अंतर तुम्ही स्वतः काढू शकाल का?” मी चौतीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे नाही म्हणणे जड गेले. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, रेखांशांतील फरकाला १११ ने गुणले, अक्षांशांतील फरकालाही १११ ने गुणले आणि पायथागोरस लावला. उत्तर जवळजवळ १६,५०० किलोमीटर आले. आंतरजालावरील गणकयंत्र मात्र १२,५६५ सांगते. म्हणजे माझ्याजवळ एकाच प्रवासाची तीन अंतरे आहेत, आणि त्यांतील माझे तर उघडच चुकलेले आहे. चूक कोठे झाली आणि उरलेल्या दोहोंपैकी खरे कोणते, हे जाणकारांनी समजावून सांगावे. लॉगटेबल मी अजून विसरलेलो नाही, त्यामुळे आकडेमोड दाखवली तरी चालेल.

खिडकीची जागा

मास्तर, पहिली चूक लगेच दिसते. एक रेखांश म्हणजे १११ किलोमीटर हे केवळ विषुववृत्तावर खरे असते. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे मुंबईच्या अक्षांशावर एका रेखांशाचे सुमारे १०५ किलोमीटर होतात आणि न्यूअर्कच्या अक्षांशावर जेमतेम ८४. हे तज्ज्ञांसमोर बोलण्याचे धाडस होते, पुढचे त्यांनीच सांगावे.

शून्यलब्धी

‘खिडकीची जागा’ यांनी सांगितलेली चूक खरी आहे, परंतु ती दुरुस्त केली तरी उत्तर १२,५६५ च्या जवळ येणार नाही. दोन्ही अक्षांशांच्या मध्याला, म्हणजे साधारण ३० अंशांना, रेखांशांतील अंतर आक्रसून घेतले आणि पुन्हा पायथागोरस लावला, तर १४,४०० च्या आसपास उत्तर येते. मूळ अडचण अशी की पायथागोरसला सपाट कागद लागतो आणि आपण गोलावर उभे आहोत. सातारा ते कराड मोजताना हा भेद जाणवत नाही, पण पृथ्वीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ओलांडताना तो हजारो किलोमीटरांत जातो.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र हेच गोलाचे केंद्र असते, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, पण मुंबईचे अक्षवृत्त नाही. म्हणून आधी पृथ्वीच्या केंद्रापाशी मुंबई आणि न्यूअर्क यांच्यामध्ये किती अंशांचा कोन होतो तो काढायचा, आणि मग त्याचे किलोमीटर करायचे.

मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व.
न्यूअर्क विमानतळ: अक्षांश ४०.६९ उत्तर, रेखांश ७४.१७ पश्चिम.

पश्चिम रेखांश ऋण धरायचे असतात, म्हणून रेखांशांतील फरक ७२.८७ + ७४.१७ = १४७.०४ अंश. (येथे बेरजेऐवजी वजाबाकी केली तर न्यूअर्क मुंबईच्या नेमके उत्तरेला, किर्गिझस्तानच्या आसपास कोठेतरी जाऊन पडते. दर वर्षी वर्गातील निदान दोन मुले हा पराक्रम करतात.) आता सूत्र असे (ज्या म्हणजे साइन, कोज्या म्हणजे कोसाइन, आणि अ१, अ२ हे दोन ठिकाणांचे अक्षांश):

कोज्या(कोन) = ज्या(अ१) × ज्या(अ२) + कोज्या(अ१) × कोज्या(अ२) × कोज्या(रेखांशांतील फरक)

आकडे घालू. ज्या १९.०९ = ०.३२७०, ज्या ४०.६९ = ०.६५२०, गुणाकार ०.२१३२.
कोज्या १९.०९ = ०.९४५०, कोज्या ४०.६९ = ०.७५८२, गुणाकार ०.७१६५.
कोज्या १४७.०४ = उणे ०.८३९०, त्याने गुणल्यावर उणे ०.६०११.
बेरीज उणे ०.३८७९. ज्याची कोज्या इतकी येते तो कोन ११२.८२ अंश.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. ११२.८२ × १११.२ = १२,५४५ किलोमीटर. लॉगटेबलाच्या चार अंकांवर इतके जवळ उत्तर आले, हे मला तरी पुरेसे आनंददायक वाटते.

तिसरा मजला

गणित पटले. परंतु गणकयंत्र १२,५६५ म्हणते आणि तुमचे १२,५४५ येते. वीस किलोमीटर कोठे गेले? ही चार अंकांमुळे राहिलेली तूट आहे काय?

शून्यलब्धी

नाही. आठ अंक घेऊन केले तरी उत्तर १२,५४६ च येते. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे हा फरक पडतो. आज उपग्रहांवर चालणारी स्थाननिश्चिती जे मान वापरते, त्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५६.७५२ किलोमीटर धरतात. अशा चपट्या गोलावर अंतर काढण्याची, संगणकाला सोयीची पद्धत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडली. तिच्यात पायरीपायरीने उत्तर सुधारत न्यावे लागते आणि दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली तर ती कधी कधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही. ती उणीव चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये दूर केली. आपल्या मार्गासाठी चपटेपणाची दुरुस्ती हाताने केली तरी १२,५६५ मिळते, मी काल रात्री करून पाहिली. एकूण अंतराच्या मानाने हा फरक हजारात दीड इतकाच आहे, त्यामुळे नातीला गोल पृथ्वी पुरे.

भरतीओहोटी

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली नकाशाची. मास्तरांना मार्ग ‘फुगलेला’ दिसला, कारण पडद्यावरचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा किंवा तिच्याशी नाते सांगणारा असतो. मर्केटर यांनी १५६९ मध्ये तो नकाशा खलाशांसाठी केला. त्याची खुबी अशी की त्यावर आखलेली सरळ रेषा म्हणजे होकायंत्राचा एकच कोन धरून चालत राहण्याचा मार्ग. चालवायला सोपा, पण लांबचा. मुंबईहून न्यूअर्कला असा एकाच कोनात जाणारा मार्ग काढला तर तो सुमारे १४,२४० किलोमीटर भरतो, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर अधिक. नकाशावर जी रेषा सरळ दिसते ती लांबची आणि जी वाकडी दिसते ती जवळची, हे नव्या कॅडेटला पटवायला आम्हाला एक पूर्ण दुपार लागत असे. आमच्याकडे त्यासाठी नोमोनिक नावाचा दुसरा नकाशा असायचा, ज्यावर प्रत्येक बृहद्वृत्त सरळ रेषाच दिसते. त्यावर पट्टीने रेघ मारायची, तिच्यावरचे काही बिंदू उचलून मर्केटर नकाशावर न्यायचे आणि तुकड्यातुकड्याने कोन बदलत जायचे.

दुसरी गोष्ट एककाची. आम्ही अंतर किलोमीटरमध्ये काढतच नसू. पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या एका कलेच्या कोनाला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, पृष्ठभागावर जे अंतर पडते तो सागरी मैल. १९२९ मध्ये तो १,८५२ मीटर असा ठरवून टाकण्यात आला. त्यामुळे शून्यलब्धी यांच्या ११२.८२ अंशांना ६० ने गुणले की ६,७६९ सागरी मैल थेट हाती येतात, त्रिज्या आठवण्याची गरजही नाही. वैमानिकही हाच मैल वापरतात.

शून्यलब्धी

कॅप्टनसाहेब, तुमच्या या साठाच्या गुणाकारावरून एक आठवले, जे येथे अवांतर ठरू नये असे वाटते. आर्यभटाने ज्या-मानांची, म्हणजे साइनच्या आकड्यांची, जी कोष्टके दिली, त्यांत वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ धरलेली आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे कारण सरळ आहे. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात, आणि परीघ २१,६०० मानला तर त्रिज्या ३,४३८ च्या जवळ येते. आता पृथ्वीची त्रिज्या सागरी मैलांत काढून पाहा. ६,३७१ भागिले १.८५२ म्हणजे ३,४४० मैल. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, कारण दोन्हींत त्रिज्या कलेच्या मापानेच मोजलेली आहे. आर्यभटाला सागरी मैल ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, आणि यातून कोणी ‘आमच्याकडे विमाने होती’ असा निष्कर्ष काढू नये. परंतु ज्या धरून वर्तुळ मोजण्याची ही रीत अरबांकडे गेली, तेथे ‘जीवा’चे (हे ज्येचेच दुसरे नाव) ‘जीबा’ झाले, ते ‘जैब’ असे वाचले गेले, आणि लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘सायनस’ असे झाले. आज गणकयंत्राच्या कळीवर जो ‘साइन’ लिहिलेला असतो तो असा फिरून घरी आलेला आहे.

उंबरठा

मी एडिसनजवळच राहते आणि वर्षातून एकदा तरी हा प्रवास करते. माझी शंका अशी की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूअर्क आपल्याकडे सरकत यायला हवे आणि अंतर कमी पडायला हवे. प्रत्यक्षात मात्र मुंबईहून येताना वेळ अधिक लागतो आणि जाताना कमी. असे का?

खिडकीची जागा

ताई, विमान ज्या हवेत उडते ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे जमीन खालून सरकण्याचा लाभ मिळत नाही. वेळेतला फरक वाऱ्यामुळे पडतो. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किलोमीटर जाणाऱ्या विमानाला सरासरी ५० चा वारा समोरून लागला असे धरा. मग १३,००० किलोमीटरला सव्वापंधरा तास लागतील. तोच वारा पाठीशी असला तर पावणेचौदा तास पुरतील. अंतर तेच राहते, पण तिकिटावरचे तास बदलतात.

तिसरा मजला

मग पडद्यावरच्या १३,४०० चे काय? अजून त्याचे उत्तर आलेले नाही, आणि मास्तरांचा मूळ प्रश्न तोच होता.

भरतीओहोटी

त्याकडेच येत होतो. आधी १२,५६५ चा मार्ग कोठून जातो ते पाहू. बृहद्वृत्तावर मुंबई सोडताना दिशा ३३३ अंशांची असते, म्हणजे वायव्येहूनही उत्तरेकडे झुकलेली. तेथून ती रेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या थोडे उत्तरेने, पुढे सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या बाजूने समुद्रावर जाते. ६५ अंश उत्तर हे तिचे सर्वांत वरचे टोक आइसलँडच्या पूर्वेला येते. त्यानंतर ती आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकावरून आणि लाब्राडोरवरून खाली उतरत न्यूअर्कला चक्क ईशान्येकडून पोहोचते.

आता या यादीतील देशांची नावे पुन्हा वाचा. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यात उघडले. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यापासून युक्रेनचे आकाश सर्वच प्रवासी विमानांना बंद आहे, आणि रशियाने अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली आहे. म्हणजे कोणत्या देशाच्या कंपनीचे विमान आहे यावर मार्गाची लांबी ठरते. मास्तरांनी कंपनी सांगितलेली नाही आणि सांगण्याचे कारणही नाही.

वळसा किती पडतो हे काढण्याची रीत सोपी आहे. ज्या ठिकाणावरून जावे लागते तेथे मार्ग तोडायचा, प्रत्येक तुकड्याला शून्यलब्धींचेच सूत्र लावायचे आणि बेरीज करायची. समजा, विमान पाकिस्तान टाळून मस्कतवरून गेले. मुंबई ते मस्कत १,५९० आणि मस्कत ते न्यूअर्क ११,३४३, एकूण १२,९३३. म्हणजे गोल पृथ्वीच्या हिशेबाने वळसा चारशे किलोमीटरांच्या आतच राहिला. मला स्वतःला हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी वाटला. परंतु मस्कतपासूनची सरळ रेषा इराण, पूर्व तुर्कस्तान आणि काळ्या समुद्रावरून नेमकी युक्रेनवर जाते, त्यामुळे तेथे पुन्हा एकदा मोडावी लागते आणि आकडा १३,००० च्या पुढे सरकतो. त्यात वाऱ्यासाठी बदललेली वाट मिळवा. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वारा पाहून दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. धावपट्टीच्या दिशेने उडून मग वळणे आणि उतरण्याआधी रांगेत फिरणे हेही मिळवा. एवढे झाल्यावर १३,४०० मला मुळीच नवलाचे वाटत नाही.

तिसरा मजला

म्हणजे जो पडदा दाखवतो तेच खरे अंतर, आणि गणकयंत्राचे अंतर कागदावरचे.

शून्यलब्धी

येथे मी असहमत आहे. पडद्यावरील आकडा त्या दिवसाच्या त्या उड्डाणाचा होता, उद्या तो वेगळा असेल. १२,५६५ मात्र दोन विमानतळांमधील अंतर आहे, त्याला ना वारा लागतो ना राजकारण. रस्त्याने मुंबई-पुणे किती हे विचारताना आपण घाट धरतो आणि नकाशावर विचारताना धरत नाही, म्हणून नकाशाचे अंतर खोटे ठरत नाही. फक्त आकडा सांगताना तो कशाचा आहे हे सांगितले पाहिजे.

मुंबई-पुण्याचा उल्लेख आलाच आहे तर एक इशारा देऊन ठेवतो. वर दिलेले कोज्येचे सूत्र लॉगटेबलावर जवळच्या अंतरांसाठी वापरू नये. मुंबई आणि पुणे विमानतळांमधील कोन १.१२ अंशांचा आहे आणि त्याची कोज्या ०.९९९८. चार अंकांत हा एकच आकडा ११० किलोमीटरपासून १४२ किलोमीटरपर्यंतच्या कोणत्याही अंतराला लागू पडतो, तर खरे अंतर १२४ च्या आसपास आहे. अशा वेळी अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग घेणारे हॅव्हरसाइन सूत्र वापरतात. खलाशांच्या जुन्या कोष्टकांत त्याचा वेगळा रकाना असे. न्यूअर्कसाठी ते वापरले तरी उत्तर हेच येते.

संगणकावर तक्ता करून पाहणाऱ्यांसाठी आणखी दोन ठेचा. तेथे कोन अंशांत न देता रेडियनमध्ये द्यावा लागतो. आणि १९ अंश ५ कला म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे.

उंबरठा

एक बारीक भर. अनेक ठिकाणी ‘न्यूयॉर्क’ निवडले की केनेडी विमानतळ धरला जातो. तो न्यूअर्कपासून सुमारे ३३ किलोमीटरवर आहे, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर आधी विमानतळाचे सांकेतिक नाव तपासून पाहावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी नातीला घेऊन बसलो. लॉगटेबल येथे कोठून मिळणार, म्हणून ज्या-कोज्यांचे आकडे तिने संगणकावरून सांगितले आणि गुणाकार मी हाताने केले. पहिल्या खेपेला कोज्या १४७ चे ऋण चिन्ह माझ्याकडून सुटले आणि उत्तर चार हजारांच्या घरात आले. “आजोबा, म्हणजे आपण अजून रशियातच आहोत,” असे ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला १२,५४५ आले.

मग तिच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घेतला. त्याचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सव्वाचौऱ्याण्णव आणि एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबईवर शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक दाबून धरले आणि दुसरे न्यूअर्कवर ताणले, तेव्हा दोरा आपणहून सरकत वर गेला आणि आइसलँडवर जाऊन बसला. कॅप्टनसाहेबांनी सांगितलेल्या जागेपासून तो बोटभरही हलला नव्हता. लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरली, म्हणजे १२,५३७ किलोमीटर.

आता तिने तोच दोरा मस्कतवर टाचणी लावून पुन्हा ताणला आहे आणि युक्रेन टाळण्यासाठी दुसरी टाचणी कोठे लावावी, असे विचारते आहे. मला तुर्कस्तान योग्य वाटते. कॅप्टनसाहेबांनी दुजोरा दिला तर उद्या तीन तुकड्यांची बेरीज करून येथे लिहितो.

भरतीओहोटी

तुर्कस्तानच लावा, आणि टाचणी शक्यतो इस्तंबूलकडे सरकवा, म्हणजे काळा समुद्र आणि युक्रेन दोन्ही उजव्या हाताला राहतील. बेरीज आली की कळवा, मी माझ्या वहीत करून ठेवतो आणि ताळा पाहू.